नो-गो

गेजला दोन टोकं असतात.
हिरवं भोकात जायलाच हवं,
लाल जाता कामा नये.
अंबडच्या आमच्या कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवतात हे
आणि पुढची अकरा वर्षं
हळूहळू विसरायला लावतात.

त्या रात्री लाल टोक गेलं.
अडखळलं नाही, कुरकुरलं नाही,
ओळखीच्या घरात पाहुणा शिरतो तसं
थेट आत.
मी पेट्या बदलल्या, दिव्याखाली गेले, चष्मा पुसला.
चाळीस नग, चाळीसदा तेच.
ब्रेकचा भाग. कुणाच्या तरी पायाखाली बसणारा.

गेटापाशी ट्रक सुरूच होता.
निफाडला पारा पाचावर आलाय म्हणे,
ड्रायव्हर खोक्यांचे पुठ्ठे जाळून
हात शेकत उभा.

देवरे साहेब ओरडले नाहीत.
ओरडले असते तर सोपं गेलं असतं.
त्यांनी खुर्ची पुढे केली,
घरच्या थर्मासमधला गवती चहा ओतला
आणि म्हणाले, खैरनार मॅडम,
तुम्ही तर आपलं माणूस.
आपलं. केवढे हात असतात या शब्दाला,
सगळे पाठीवरून फिरणारे.

कागदावर तीन सह्या आधीच होत्या.
प्रॉडक्शन, डिस्पॅच आणि पगार.
पगार म्हणजे विष्णू पगार, कळवणचा, माझ्याच बॅचचा.
पण दुसऱ्या अर्थानंही
सही पगारानंच केली होती.
चौथा चौकोन तेवढा कोरा.
कोऱ्या चौकोनाकडे बघत राहिलं
की तो भुकेल्यासारखा दिसायला लागतो.

खोटं कशाला सांगू,
पेनाचं टोपण मी काढलं होतं.
दिवाळीच्या लॉटला केलीच होती की सही.
तेव्हा लाल टोक निम्मंच गेलं होतं,
आणि निम्मं म्हणजे गेलं नाहीच,
असं कुणी म्हणायच्या आधी
मीच म्हणाले होते.
त्याच्या आधी एकदा पाव.
त्याच्या आधी नुसतंच टेकलं होतं.
आपलंही भोक असंच वाढत जातं,
मायक्रॉन-मायक्रॉननं,
कुणी मोठ्यानं ठोकावं लागत नाही.

तेवढ्यात हिरामण गावित आला,
पेठचा, आयटीआयचं पोरगं, तिसराच दिवस त्याचा.
सकाळी मीच त्याला दोन्ही टोकं दाखवली होती.
हातात वही, पेन्सिल कानाला.
मॅडम, मग लाल गेलं तरी चालतं, असं लिहू का?
टोमणा नव्हता हो.
त्याला खरंच लिहायचं होतं.

माझं नाही काही फार मोठं निघालं नाही.
कानशिलं तापलेली, तोंड कोरडं,
मघापासून बाथरूमला जायचं होतं ते वेगळंच.
नाहीच्या आधी सॉरी सर होतं,
नाहीच्या नंतरही सॉरी सर.
मध्ये तेवढं एक बसलं,
कसंबसं, घट्ट.

साहेबांनी थर्मासचं झाकण लावलं. फिरवत राहिले,
लागल्यावरही.
मग कुणाला तरी फोन केला, माझ्याकडे पाठ करून,
आणि बाहेर ट्रक बंद झाला.
इतका वेळ तो आवाज कानात होता
हे तेव्हा कळलं.

सोमवारपासून मी स्टोअरला आहे.
नट मोजते, हातमोजे देते, रजिस्टरात अंगठे घेते.
तो लॉट नंतर गेला की भंगारात पडला,
मला कुणी सांगत नाही.
पगार डबा खाताना समोर बसत नाही आता,
पण परवा जाता जाता
शेंगदाण्याची चटणी ठेवून गेला टेबलावर,
माझ्याकडे न बघता.

त्या पहाटे पाथर्डी फाट्यावर बसची वाट बघत होते.
पांडवलेणीचा डोंगर धुक्यात निम्माच.
खिशात काहीतरी टोचलं, गेज राहिलं होतं चुकून.
लाल टोक चाचपलं.
थंडगार. त्याला काहीच वाटत नव्हतं.
माझा हात थरथरत होता,
थंडीनं म्हणावं तर स्वेटर होता अंगात.

हिरामणनं वहीत शेवटी काय लिहिलं
ते विचारायचं राहिलंय.